ज्वालामुखीपुढे कॅमेरा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर बोलेन, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘ज्वालामुखीचे फोटो’ असे मी सांगताच ते जरा थांबले आणि म्हणाले, “भाऊ, मग पडदा लावावा लागेल काय?” मी म्हटले, पडदा नको. माझ्यापाशी फोटो एकच आहे. तो ज्वालामुखीचा नाही, आणि पडद्यावर दाखवण्यासारखाही नाही. त्याविषयी मला बोलावयाचे आहे, परंतु ते मागाहून.

मी शिकलेला मनुष्य नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली आणि गिट्टीच्या खाणीवर कामाला लागलो. पुढे जे वाचले ते वाचनालयात, रात्री. आणि इंग्रजी शिकलो ते खाणींचे नियम वाचता यावेत म्हणून. तेव्हा भूगर्भशास्त्राच्या दोन गोष्टी सांगताना माझा एखादा शब्द वाकडा गेला, तर येथील प्राध्यापक मंडळींनी सांभाळून घ्यावे.

विषय सुचला तो असा. आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत तो घरी आला होता. चार मित्र मिळून इंडोनेशियाची सफर करून आले होते, त्याचे फोटो तो फोनवर दाखवीत होता. जावा बेटाच्या पूर्वेकडे इजेन नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या तोंडात भेगांतून गंधकाचा वायू निघतो, पेट घेतो, आणि त्याची ज्योत निळी असते. ती दिवसा दिसत नाही, म्हणून प्रवासी मध्यरात्रीनंतर डोंगर चढतात आणि अंधारात आत उतरतात. फोटो खरोखर सुंदर होते, हे मी आधीच सांगून टाकतो. एका फोटोत ज्योतीच्या अलीकडे एक मनुष्य होता. कमरेत वाकलेला, खांद्यावर कावड, आणि कावडीच्या दोन्ही टोपल्यांत पिवळ्याजर्द गंधकाचे ढेप. मी विचारले, “हा कोण?” मुलगा म्हणाला, “काका, तो तिथला मजूर. नेमका मध्ये आला. नाहीतर हा फोटो सगळ्यात भारी होता.”

मुलगा सालस आहे, बापाची काळजी घेतो, त्याला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु ‘मध्ये आला’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी या इजेनविषयी वाचावयास लागलो. तेथील माणसे सत्तर ते नव्वद किलो वजनाची कावड घेऊन तोंडाच्या तळापासून काठापर्यंत चढतात, मग डोंगर उतरतात, आणि मजुरी मिळते ती वजनावर. पुष्कळांच्या नाकातोंडावर ओल्या फडक्याशिवाय काही नसते. हे गंधक कशाला लागते? इतर उपयोगांबरोबर साखर पांढरी करावयाला. आपल्याकडील साखर कारखान्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना हे नवीन नाही. तेव्हा तो मनुष्य त्या फोटोत मध्ये आलेला नव्हता. तो त्या जागी रोजच होता. मध्ये आला होता तो आमचा मुलगा.

आता तुम्ही म्हणाल, बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला ज्वालामुखीचे काय पडले आहे? याचे उत्तर येथून जवळच, लोणारला आहे. माझ्या लहानपणी वडील मला लोणारच्या जत्रेला घेऊन गेले, तेव्हा त्यांनी काठावर उभे करून सांगितले होते, की हे ज्वालामुखीचे तोंड आहे, आता विझले आहे. आजीचे सांगणे निराळे. तिच्या मते ते लवणासुराचे बीळ, आणि विष्णूने त्याला तेथे मारले. वडिलांना दोष देत नाही, कारण पुष्कळ विद्वानांचेही तेच मत होते. भोवती सगळा लाव्हाचा दगड, मध्ये जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, खाली खारे पाणी. मनुष्य दुसरा तर्क काय करणार? १९७३ साली अमेरिकन आणि आपल्याकडील भूगर्भशास्त्रज्ञांनी मिळून तेथील दगडांतील काचेसारखे झालेले स्फटिक तपासले, आणि असे स्फटिक लाव्हातून होत नाहीत, प्रचंड आघातानेच होतात, हे दाखवून दिले. म्हणजे खड्डा आकाशातून पडलेल्या अशनीचा. परंतु ती अशनी आदळली ती लाव्हावरच.

हा लाव्हा आला केव्हा? सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. एका शिखरातून उसळून नव्हे, तर जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून तो वाहत राहिला. एक थर आला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेशावर तो पसरलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या पलीकडे जाते. आपली कपाशीची काळी माती ही त्याच दगडाची झीज. खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या राहिल्या त्या या लाव्हाच्या जोरावर.

पुस्तकांत मी हे पुढे वाचले, परंतु खाणीत रोज पाहत होतो. खाणीची उभी कड तुम्ही नीट पाहिली, तर काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. खाणीतले लोक त्याला वाईट माल म्हणतात, कारण त्याची गिट्टी होत नाही. तो पट्टा म्हणजे पहिला थर थंड झाल्यावर त्यावर तयार झालेली माती; वरून दुसरा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. दोन आगींच्या मधली शांततेची वर्षे त्यात साठलेली आहेत. आणि दगडाच्या पोकळ्यांत ज्या गारगोट्या सापडतात, ज्या मजुरांची पोरे रस्त्यावर बसून विकतात, त्या लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढे भरत गेल्या. एवढी मोठी आग या जिल्ह्यात होऊन गेली आणि तिचा फोटो काढावयाला कोणी नव्हते. जे आहे ते पहारीने फोडून पाहावे लागते.

जिवंत ज्वालामुखी आपल्या देशात एकच, अंदमानातील बॅरन बेट. पोर्ट ब्लेअर, ज्याला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, तेथून सुमारे १४० किलोमीटरवर. मनुष्यवस्ती नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो स्वस्थ होता, तो १९९१ साली जागा झाला आणि पुढे अधूनमधून धुमसत राहिला. त्याचा एक प्रसंग आपल्या मराठी-कोकणी मुलखाशी जोडलेला आहे. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून त्या बेटाजवळच्या समुद्राच्या तळातील गाळ गोळा करीत होते. पथकाचे प्रमुख डॉ. अभय मुधोळकर. एकाएकी ज्वालामुखी राख फेकू लागला. त्यांनी काय केले? जहाज सुमारे एक मैल दूर नेले आणि तेथून पाहावयास सुरुवात केली. पाच ते दहा मिनिटांचे लहान लहान स्फोट होत होते. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत. सूर्य मावळला आणि त्याच ढगांच्या जागी लाल लाव्हाचे कारंजे तोंडातून उडताना आणि उतारावरून ओघळताना दिसू लागले. तीन दिवसांनी, २६ तारखेस, दुसऱ्या पथकाने जाऊन पुन्हा पाहणी केली.

या हकिकतीतील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, तोच डोंगर, तेच स्फोट. दुपारच्या फोटोत धूर आणि रात्रीच्या फोटोत आग. फोटो खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो, पण तो सगळे बोलतो असे कोठे आहे? दुसरी गोष्ट तो एक मैल. फोटोसाठी कोणी जहाज पुढे घातले नाही. जहाजावर शास्त्रज्ञ होते तसे खलाशीही होते, आणि ते घरी परत आले.

सगळीकडे असे होत नाही. जपानात उन्झेन नावाचा ज्वालामुखी आहे. १९९० च्या नोव्हेंबरात तो जागा झाला. पुढल्या मे महिन्यात त्याच्या माथ्यावर घट्ट लाव्हाचा घुमट वाढू लागला, आणि त्याचे तुकडे कोसळून तप्त राखेचे व वायूचे लोट दरीतून खाली येऊ लागले. हे लोट फार वेगाने येतात. धावणाऱ्या माणसाचे काही चालत नाही. खालच्या वस्तीला घरे सोडावयास सांगण्यात आले. परंतु त्या वस्तीजवळ एक जागा अशी होती की तेथून डोंगर समोरासमोर दिसे. वर्तमानपत्रांची आणि दूरचित्रवाणीची माणसे रोज तेथे कॅमेरे लावून बसत. एकाचा कॅमेरा तेथे आहे म्हटल्यावर दुसऱ्याला हलता येईना. चांगले चित्र दुसऱ्याने दाखवले आणि आपण नाही, तर कचेरीतून विचारणा व्हायची.

३ जून १९९१ रोजी दुपारी चारनंतर मोठा लोट आला. त्रेचाळीस माणसे गेली. जगाच्या वर्तमानपत्रांत तीन नावे आली, ती ज्वालामुखी-शास्त्रज्ञांची: फ्रान्सचे मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे दांपत्य, आणि अमेरिकेचे हॅरी ग्लिकन. उरलेले चाळीस कोण? सोळा बातमीदार व छायाचित्रकार. त्यांच्यासाठी गाड्या घेऊन उभे असलेले चार टॅक्सीवाले. दोन पोलीस. नगरपालिकेचे दोन नोकर. शेतात काम करीत असलेले चार गावकरी. आणि गावच्या अग्निशमन पथकाचे बारा जण. हे बारा जण पगारी नव्हते, गावातीलच कामधंदा करणारी माणसे होती. ते आधी मागे आले होते. परंतु लोक सोडून गेलेल्या घरांत शिरून काही बातमीवाल्यांनी तेथील वीज वापरली, असे उघडकीस आले, आणि घरांवर नजर ठेवावी म्हणून हे लोक पुन्हा पुढे गेले.

मी कामगार चळवळीतला मनुष्य आहे, माझी नजर प्रथम त्या चार टॅक्सीवाल्यांवर जाते. त्यांना ज्वालामुखी पाहावयाचा नव्हता. फोटो काढावयाचा नव्हता. भाडे मिळाले होते, आणि गिऱ्हाईक उतरून पुढे गेले असता गाडी वळवून उभे राहावयाचे, एवढेच त्यांचे काम. २०२१ साली, तीस वर्षांनी, त्या ठिकाणी गाडल्या गेलेल्या दोन टॅक्सी आणि एका वर्तमानपत्राची मोटार उकरून काढून तेथेच जतन करून ठेवल्या आहेत. गंजून चेपलेल्या गाड्या आहेत. त्या तेथे ठेवल्या हे बरे झाले.

या ग्लिकनची कथा मला रात्री झोपू देत नाही. १९८० साली अमेरिकेत सेंट हेलेन्स डोंगर फुटण्याच्या बेतात होता, तेव्हा त्याच्या पहाऱ्यावर हाच ग्लिकन होता. दुसऱ्या कामासाठी त्याला जावयाचे होते, म्हणून पाळी बदलली आणि त्याच्या जागी डेव्हिड जॉन्स्टन आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी, १८ मे रोजी, डोंगराची उत्तर बाजू कोसळली आणि जॉन्स्टन गेला. एकूण सत्तावन्न माणसे गेली. पाळी बदलणे म्हणजे काय, हे गिरणीत, खाणीत काम केलेल्यालाच कळते. अकरा वर्षांनी ग्लिकन उन्झेनला गेला. आणखी एक सांगतो: त्या दिवशी रविवार होता. आठवड्याच्या इतर दिवशी त्या रानात झाडे तोडणारे शेकडो कामगार असते. आठवड्याची सुटी कशाला हवी, असे मालक आम्हांला विचारतात. त्यांना मी ही तारीख सांगतो.

सेंट हेलेन्सच्या वेळी रॉबर्ट लॅंड्सबर्ग नावाचा छायाचित्रकार डोंगराच्या फार जवळ होता. सुटका नाही असे दिसताच त्याने फिल्म आवरून पिशवीत घातली आणि ती पिशवी अंगाखाली घेऊन तो पडला. फिल्म मिळाली. दुसरा एक, गॅरी रोझेनक्विस्ट, सुमारे अकरा मैलांवर मुक्काम करून होता. त्याने एकामागून एक फोटो घेतले आणि मोटारीत बसून निघून गेला. डोंगराचा उतार कसकसा घसरला, स्फोट कोठून निघाला, हे शास्त्रज्ञांनी त्याच्या फोटोंवरून पाऊल पाऊल जुळवले. पहिल्याच्या धैर्यापुढे मी हात जोडतो. परंतु मला कोणी विचारले तर मी पोराला दुसऱ्याचे उदाहरण सांगेन.

मग ज्वालामुखीचे फोटो काढूच नयेत काय? मी तसे म्हणत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा ते क्राफ्ट पतिपत्नीच आहेत. १९८५ साली कोलंबियात नेव्हादो देल रुईझ डोंगर फुटला, वरचे बर्फ वितळले आणि चिखलाच्या लोंढ्याखाली आर्मेरो हे गाव गेले. वीस हजारांहून अधिक माणसे मेली. इशारे मिळाले होते, पण डोंगर असा काय करणार आहे हे लोकांच्या डोळ्यांपुढे नव्हते. यानंतर क्राफ्टांनी आपल्या जन्मभराच्या चित्रणातून एक माहितीपट तयार केला. राखेचे लोट कसे येतात, चिखल कसा येतो, घरांचे काय होते. १९९१ साली फिलिपाइन्समध्ये पिनातुबो धुमसू लागला, तेव्हा तो माहितीपट तेथील अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवण्यात आला. ज्यांना कागदावरचा इशारा पटत नव्हता त्यांना ते चित्र पटले. हजारो माणसे घरे सोडून निघाली. १५ जूनला पिनातुबो फुटला, तो त्या शतकातील मोठ्यात मोठ्या स्फोटांपैकी एक होता. आणि चित्र काढणारे दोघे त्याच्या बारा दिवस आधी उन्झेनला गेलेले होते.

आता माझा फोटो.

२०१६ सालची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातील एक खाण, नाव घेत नाही. तेथे सुरुंग उडवताना भोंगा वाजवीत नसत. माणसे पुरती बाहेर निघण्याआधी बत्ती द्यावयाची, अशी सवय पडली होती. आम्ही तक्रार केली. उत्तर आले, पुरावा आणा. मी बैठकीत उठून म्हणालो, “अरे, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. एक फोटो आणा, मग मी पाहतो.” टाळ्या पडल्या. मलाही ते बोलणे आवडले होते.

चार दिवसांनी एक जॅकहॅमर चालवणारा पोरगा, वय बावीस, सुरुंगाच्या वेळी मागे राहिला. डंपरच्या आडोशाला उभा राहून त्याने फोन धरलेला डावा हात बाहेर काढला. दगड आला तो हातावर. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा हाताला बांधलेले होते, आणि मला पाहून त्याचा पहिला शब्द, “भाऊ, फोटू निघाला.” त्या हाताची दोन बोटे गेली.

फोटो निघाला होता खरा. त्यात धुळीचा एक ढग आहे, कोपऱ्यात कोणाची तरी पिवळी टोपी आहे. बॅरन बेटाच्या दुपारच्या फोटोसारखाच म्हणा. न वाजलेला भोंगा फोटोत येत नाही, हे माझ्या ध्यानात आधी यावयास हवे होते. चौकशीत त्या फोटोचा उपयोग झाला तो इतकाच, की तू धोक्याच्या जागी थांबलास कशाला, असे त्या पोरालाच विचारण्यात आले. त्याने माझे नाव घेतले नाही. मी उठून सांगितले, की फोटो मी मागितला होता. नुकसानभरपाईचा दावा तीन वर्षे चालला. रक्कम मिळाली, बोटे अर्थात मिळाली नाहीत. उन्झेनच्या त्या कचेरीत बसून ‘तुझे चित्र कोठे आहे?’ असे विचारणारे जे कोणी होते, त्यांच्याविषयी मी रागाने बोलू लागलो की मला ती बैठक आणि त्या टाळ्या आठवतात.

पुढे आम्ही रीत बदलली. दोन माणसे खाणीपासून दूर, रस्त्याच्या पलीकडे बसू लागली. हातात साधी वही आणि घड्याळ. भोंगा किती वाजता ऐकू आला, आला की नाही, स्फोट किती वाजता झाला, धुळीच्या आत किती माणसे होती ती नावानिशी बाहेर आल्यावर लिहावयाची. दोन महिन्यांची वही भरली तेव्हा अधिकाऱ्यांना ती बाजूला सारता आली नाही. आज तेथे भोंगा वाजतो. तुमच्यापैकी जे त्या रस्त्याने जातात त्यांनी ऐकला असेल. कर्कश आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

त्या पुण्याच्या मुलाला मी हे सगळे दिवाळीतच सांगितले. त्याने ऐकून घेतले, मग फोन काढून तो गंधकवाल्याचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. म्हणाला, “काका, याच्या खांद्याला केवढा गोळा आलाय, मी पाहिलंच नव्हतं.” कावडीचा घट्टा होता तो. आपल्या हमालांच्या मानेवर असतो तसाच.

चिटणीसांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा एक निवेदन करून बसतो. ज्यांना आपल्या जिल्ह्यातील लाव्हाचे थर आणि तो तांबडा पट्टा पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी येत्या रविवारी एका खाणीवर जाण्याची परवानगी आम्ही मिळवली आहे. दाखवणारा तोच पोरगा आहे. तो आता खाणीच्या काट्यावर गाड्यांची वजने लिहितो, आणि कोणता थर कोठे संपतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सकाळी सात वाजता बसस्थानकावर जमावे. पायात बूट असावेत, पाणी बरोबर घ्यावे. फोन आणावयास हरकत नाही. रविवारी खाण बंद असते.